सांभाळणारी जागा आणि उभं करणारी जागा: ऑपरेशन किंवा अपघातानंतर भरती होण्यासाठी रिहॅब सेंटर कसं निवडावं

दादाच्या मणक्याच्या ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, "टाके छान आहेत. उद्या डिस्चार्ज देऊ, मग रिहॅबला न्या." वहिनीने विचारलं, "कुठे?" त्यांनी दोन नावं सांगितली आणि ते पुढच्या पलंगाकडे वळले.

साताऱ्याजवळ मागून आलेल्या टेम्पोने दादाच्या दुचाकीला ठोकरलं होतं. कमरेचा पहिला मणका फुटला, पायांतली ताकद जवळजवळ गेली, लघवीवरचा ताबा गेला. आमच्या हातात एक दिवस होता आणि रिहॅब म्हणजे नेमकं काय, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. त्यातल्या त्यात जवळचं ठिकाण आम्ही घेतलं. खोली स्वच्छ, मावश्या मायाळू, जेवण वेळेवर. फिजिओ दिवसातून एकदा येऊन अर्धा तास पाय हलवून जायचे आणि उरलेला सगळा वेळ दादा पलंगावर. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या माकडहाडापाशी बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणारी जखम, झाला. तो भरायला पुढे दोन महिने लागले आणि तेवढे दिवस त्याला धड बसताही आलं नाही.

दुसऱ्या ठिकाणी गेल्यावर आम्हाला फरक कळला. आजारी माणसाला सांभाळणारी जागा वेगळी आणि उभं करणारी जागा वेगळी. बाहेरच्या पाटीवर दोन्हीकडे रिहॅबच लिहिलेलं असतं. उभं करणं म्हणजे चालवणंच असंही नाही. दादा आजही व्हीलचेअरवर आहे, पण सकाळी सगळं आवरून, डबा घेऊन स्वतः कामाला जातो. आम्हाला हे तीन आठवडे आणि एक जखम मोजून कळलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून जे शिकलो ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी ठरवा, भरती व्हायची गरज आहे का

प्रत्येक ऑपरेशननंतर रिहॅबमध्ये भरती व्हावं लागत नाही. गुडघा बदलला, घरात मदतीला माणूस आहे, पेशंट वॉकर धरून संडासापर्यंत जातो आहे, तर बहुतेक वेळा घरी येणारे चांगले फिजिओ पुरतात. भरतीचा विचार करायचा तो मणक्याची इजा, डोक्याला मार, लकव्याने एक बाजू गेलेली, पाय कापावा लागलेला, एकाच वेळी दोन-तीन हाडं मोडलेली अशा प्रसंगी. खुब्याचं हाड मोडलेल्या आजी-आजोबांना घरी उचलून बसवणारं कुणी नसेल, तरीही.

याची दुसरी बाजूही आहे. ताप आहे, रक्तदाब वरखाली होतो आहे, ऑक्सिजन लागतो आहे, अशा अवस्थेत पेशंटला घाईने हलवू नका. रिहॅब ही मेहनत आहे. पेशंट तास-दोन तास बसू शकेल आणि सांगितलेलं थोडंफार करू शकेल, इतपत तब्येत लागते. मात्र शोध डिस्चार्जच्या सकाळी सुरू करू नका. ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच घरातल्या एका माणसाला या कामाला लावा. चांगल्या ठिकाणी पलंग लगेच मिळत नाही.

सर्जनकडून लिहून घ्यायच्या गोष्टी

डिस्चार्ज समरीत ऑपरेशन काय झालं हे असतं. पुढे काय चालेल आणि काय नाही, हे बऱ्याचदा नसतं. आमच्या समरीत शेवटी "फिजिओथेरपी चालू ठेवावी" एवढीच ओळ होती. पहिल्या ठिकाणचे फिजिओ त्याला बसवायला घाबरत होते, कारण बसवलं तर चालेल असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून निघण्याआधी विचारा आणि त्याच कागदावर लिहून घ्या: पायावर भार द्यायचा का, किती आणि कधीपासून. पट्टा किंवा ब्रेस झोपतानाही हवा का. किती अंशांपर्यंत वाकवायचं. रक्त पातळ करणारं औषध कधीपर्यंत. लघवीची नळी कधी बदलली. आज कुठल्या स्नायूत किती ताकद आहे. आणि अंगावर, विशेषतः माकडहाड, खुबे आणि टाचा इथे, लाली किंवा जखम आहे का. हे शेवटचं तुम्ही स्वतः बघा आणि तारखेसकट फोटो काढून ठेवा. पुढे जखम झाली तर ती कुठे झाली यावरून वाद होतात, आणि त्या वादात पेशंटकडे लक्ष द्यायचं राहून जातं.

शोध कुठे घ्यायचा

मोबाइलवर "पुनर्वसन केंद्र" शोधलंत तर निम्मी व्यसनमुक्ती केंद्रं समोर येतील. उरलेल्यांत वृद्धाश्रम, नर्सिंग ब्युरो आणि अंथरुणावरच्या पेशंटची सेवा करणारी केअर सेंटर असतात. केअर सेंटर वाईट नसतात. शेवटच्या आजारपणात, किंवा ज्यांच्यात सुधारणेला वाव उरलेला नाही त्यांना त्यांचा मोठा आधार असतो. पण जो माणूस सुधारू शकतो त्याचे पहिले तीन-सहा महिने तिथे जाऊ नयेत. लकवा असो की मणक्याची अर्धवट इजा, सुधारणेचा वेग याच काळात सगळ्यात जास्त असतो.

डॉक्टरांना विचारताना "फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन" हा शब्द वापरा. ही एमबीबीएसनंतरची स्वतंत्र शाखा आहे आणि त्यात एमडी किंवा डीएनबी केलेल्या डॉक्टरांना फिजिॲट्रिस्ट म्हणतात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. ती १९५५ पासून चालू आहे, तिथे वॉर्ड आहे आणि कृत्रिम अवयव बनवण्याची कार्यशाळाही आहे. काही मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजांतही हा विभाग असतो. खाजगीत हजारोंचे आकडे ऐकून धीर सुटलेल्या कुटुंबांनी आधी तिथे जाऊन चौकशी करावी. घरात कुणी फौजेत असेल तर पाय लुळे पडलेल्या जवानांसाठीचं खडकीचं पॅराप्लेजिक सेंटर आणि पुण्याचंच आर्टिफिशियल लिंब सेंटर यांची माहिती सैनिक कल्याण कार्यालयात मिळेल.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर तीन ठिकाणं लक्षात ठेवा. मेंदूच्या इजेसाठी बंगळूरचं निम्हान्स, मणक्यासाठी दिल्लीत वसंत कुंजचं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर, आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. यातल्या दोन ठिकाणांची गोष्ट दादाला मी मुद्दाम सांगितली होती. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांचे १९५४ साली मोटार अपघातात पाय लुळे पडले. त्यांनी व्हीलचेअरवर बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, परदेशात पुनर्वसनशास्त्र शिकून आल्या आणि तिथला विभाग उभा केला. दिल्लीचं सेंटर उभारणारे मेजर अहलुवालिया १९६५ साली एव्हरेस्टवर चढले आणि त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून व्हीलचेअरवर आले. आता कुठलंही सेंटर बघताना मी एक प्रश्न हमखास विचारते: इथे काम करणाऱ्यांत स्वतः व्हीलचेअरवर असलेलं कुणी आहे का? दुसऱ्या ठिकाणी असे एक गृहस्थ होते. बारा वर्षांपूर्वी तेही तिथलेच पेशंट होते. त्यांना गाडीतून एकट्याने उतरताना बघितलं त्या दिवशी माझा भाऊ अपघातानंतर पहिल्यांदा पोटभर जेवला.

फोनवरच अर्धी निवड होते

यादी केली की फोन करा. दर शेवटी विचारा. आधी हे विचारा: दिवसाला थेरपी किती तास आणि कोणकोणती? अमेरिकेत अशा सेंटरसाठी दिवसाला तीन तास, आठवड्याला पाच दिवस असा ढोबळ नियम धरतात. आपल्याकडे सगळीकडे तेवढं मिळणार नाही, पण उत्तर "सकाळी अर्धा तास" असेल तर ते सांभाळणारं ठिकाण आहे असं समजा. रविवारी काय होतं? आमच्या पेशंटसारखे किती पेशंट आत्ता तुमच्याकडे आहेत? ते साधारण किती दिवस राहतात आणि कुठे जातात, घरी की दुसऱ्या सेंटरला?

मणक्याच्या पेशंटसाठी माझा एक खास प्रश्न आहे: "लघवीची नळी तुम्ही कधी काढता?" पहिल्या ठिकाणी उत्तर मिळालं होतं, "राहू द्या ना, सोपं पडतं." दुसऱ्या ठिकाणच्या सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टरांनी तपासलं की काढायचा प्रयत्न करू. मग दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढायची, आणि ते त्यांचं त्यांना शिकवू." कायम ठेवलेल्या नळीने जंतुसंसर्ग वाढतो, आणि पिशवी लटकवून माणूस बाहेर पडायला लाजतो. काही पेशंटना ती ठेवावीच लागते, पण तो निर्णय डॉक्टरांनी तपासून घ्यायचा. स्टाफची सोय बघून घ्यायचा नाही. लकव्याच्या पेशंटसाठी असाच प्रश्न म्हणजे, "तोंडाने खायला देण्याआधी गिळण्याची तपासणी कोण करतं?"

सकाळी अकराला जा, रात्री आठला पुन्हा जा

पेशंटला न नेता आधी स्वतः जा. एकदा वेळ न ठरवता जा. रिसेप्शनवरचे फोटो, एसी, टीव्ही यांत गुंतू नका. सकाळी अकरा वाजता पलंग मोजा. किती पेशंट पलंगावर आहेत आणि किती पलंग रिकामे आहेत, कारण त्यांचे मालक जिममध्ये आहेत? आमच्या पहिल्या ठिकाणी अकरा वाजता सगळे पडद्याआड झोपलेले असायचे. दुसऱ्या ठिकाणी वॉर्डात दोघंच होते आणि बाकीच्यांचा आवाज खालून येत होता. कुणी ओरडत होतं, कुणी हसत होतं, कुणाला "अजून एकदा काका, अजून एकदा" असं चाललं होतं.

पेशंटच्या अंगावर घरचे कपडे आहेत की दिवसभर गाऊन? शर्टाची बटणं लावणं हीसुद्धा थेरपी आहे, आणि गाऊनमधल्या माणसाला ती कुणी देत नाही. पॅरलल बार (धरून चालायचे दोन समांतर दांडे), बुटका रुंद पलंग, सरावाच्या पायऱ्या, उभं करायचं टेबल हे बघा. पण त्याहून बारकाईने ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे रोजची कामं पुन्हा शिकवण्याची, खोली बघा. तिथे स्वयंपाकाचा ओटा आहे का, कुलूप-कडी, नळ, बादली आहे का? आपली माणसं घरी जाऊन बादलीतल्या पाण्याने अंघोळ करणार, खाली बसून जेवणार, कुणाच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास असणार. या गोष्टींचा विचार जिथे झालाय, तिथे घरी जाण्याचा विचार झालाय.

मग माणसं बघा. लकवा झालेल्या पेशंटला उठवताना कुणी काखेत हात घालून किंवा लुळा हात ओढून उचलत असेल तर तिथून निघा. त्या खांद्याचं दुखणं वर्षानुवर्षं पुरतं. आडव्या पडलेल्याला कुणी चमच्याने भरवत असेल तर तोच अन्नाचा घास फुप्फुसात जाऊ शकतो. टाचा गादीवर दाबल्या आहेत की उशीने उचललेल्या आहेत? दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद पलंगाजवळ आहे का, आणि ती दुपारी एकदम भरलेली तर वाटत नाही ना? व्हीलचेअर संडासात शिरते का आणि आत वळते का? वळायला साधारण पाच फूट लागतात.

रात्रीची फेरी कुणी करत नाही, आणि खरं चित्र तेव्हाच दिसतं. किती पेशंटमागे किती सिस्टर, डॉक्टर इमारतीत आहेत की फोनवर? बेल वाजल्यावर किती वेळाने कुणी येतं, हे बाकावर बसून ऐका. पेशंट बाई असेल तर रात्री बाई अटेंडंट असते का, हे संकोच न करता विचारा. मध्यरात्री श्वास अडकला तर कुठल्या आयसीयूत नेणार आणि गाडी कुणाची, हेही.

आणि गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसा. नातेवाईक तिथेच भेटतात. "तुमचा पेशंट आला तेव्हा काय करू शकत होता आणि आता काय करतो?" एवढंच विचारा. उत्तर द्यायला त्यांना आठवावं लागलं नाही, तर ती चांगली खूण.

टीममध्ये कोण आहे

फिजिॲट्रिस्ट रोज येतात की आठवड्याला, हे विचारा. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची महाराष्ट्रात राज्य परिषदेकडे नोंदणी असते. वाचा-उपचारतज्ज्ञ आणि कृत्रिम अवयव बनवणारे यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका, चांगली जागा भिंतीवर लावून ठेवते. समुपदेशक हवाच. तरुण पेशंटच्या मनात वैवाहिक आयुष्याचे प्रश्न असतात, ते तो बहिणीला किंवा आईला विचारणार नाही. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी दादा-वहिनींना वेगळं बसवून तो विषय स्वतःहून काढला. त्या दिवसानंतर वहिनी पुन्हा मोकळं बोलायला लागली.

पैशाचं आधीच बोला

इथे बहुतेक कुटुंबं फसतात, म्हणून जरा सविस्तर. भारतातल्या मेडिक्लेम पॉलिसींत "रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन अँड रेस्पाइट केअर" नावाचं एक प्रमाणित अपवाद-कलम असतं, त्याचा कोड एक्स्क्ल ०५. मुख्यतः विश्रांतीसाठी किंवा अंघोळ, कपडे, हालचाल यांतल्या मदतीसाठी झालेल्या भरतीचा खर्च त्यात नाकारला जातो. त्यामुळे "कॅशलेस होईल" असं सेंटरने तोंडी सांगितलं तरी विमा कंपनीकडून लेखी उत्तर येईपर्यंत त्यावर विसंबू नका. विचारताना मूळ ऑपरेशनशी जोडून विचारा. बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ६० किंवा ९० दिवसांचा संबंधित खर्च धरलेला असतो, त्यात डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी बसते का, ते पाहा. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीच्या अटी वेगळ्या असू शकतात. ईएसआयचा (कामगार राज्य विमा योजनेतला) पेशंट असेल तर आधी ईएसआयच्या दवाखान्यातून जा.

सेंटरला दिवसाचा दर विचाराल तेव्हा त्यात काय नाही, हे विचारा. डायपर, ग्लोव्ह्ज, नळ्या, ड्रेसिंग, एअर बेडचं भाडं, अटेंडंटची पाळी, फिजिॲट्रिस्टची व्हिजिट फी, धुलाई. या बाहेरच्या गोष्टींनी आमचं पहिल्या महिन्याचं बिल ठरल्यापेक्षा जवळजवळ दीडपट झालं. औषधं बाहेरून आणलेली चालतील का? डिपॉझिट परत कधी? मध्येच नेलं तर पॅकेजचे उरलेले पैसे? महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनुसार नोंदणी असलेल्या रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. नोंदणी प्रमाणपत्रही बघा.

अपघात रस्त्यावरचा असेल तर प्रत्येक बिल, अटेंडंटच्या पगाराच्या पावतीसकट, जपून ठेवा. मोटार अपघात दाव्यात पुढच्या उपचारांचा आणि मदतनिसाचा खर्च मागता येतो. कायद्यात अर्जाची मुदत ६ महिने आहे, तेव्हा पेशंट बरा झाल्यावर बघू असं म्हणत वकिलाकडे जाणं लांबवू नका.

भरती झाल्यावर पहिले पंधरा दिवस

निवड बरोबर होती का, हे पंधरा दिवसांत कळतं. पहिल्या आठवड्यात टीमसोबत बसा आणि उद्दिष्टं लिहून घ्या. "सुधारणा होईल" हे उद्दिष्ट नव्हे. दादाच्या कागदावर होतं: दोन आठवड्यांत आधाराशिवाय पलंगाच्या कडेला बसणे, चार आठवड्यांत फळीवरून घसरत व्हीलचेअरवर जाणे, सहा आठवड्यांत स्वतः नळी घालणे. शेजारी बार्थेल इंडेक्सचा आकडा. खाणं, अंघोळ, संडास, चालणं अशा दहा रोजच्या गोष्टींवर शून्य ते शंभर गुण देतात. तो दर पंधरा दिवसांनी मागा. आकडा दोनदा हलला नाही तर का, ते विचारा. कारण संसर्ग असेल, उदासी असेल किंवा थेरपीच होत नसेल. तिसरं कारण असेल तर जागा बदला. आम्ही पहिल्या ठिकाणी "लोकांना वाईट वाटेल" म्हणून एक आठवडा जास्त थांबलो, आणि जखम त्याच आठवड्यात खोल गेली.

घरच्यांनी शिकणं हा उपचाराचाच भाग आहे. "तुम्ही बाहेर थांबा, आम्ही करतो" म्हणणारी जागा तुम्हाला घरासाठी तयार करत नाही. कूस बदलणं, खुर्चीत हलवणं, त्वचा तपासणं, जखमेचं ड्रेसिंग हे सगळं सिस्टरच्या देखत स्वतःच्या हाताने किमान चार-पाच वेळा करा. वहिनी पहिल्यांदा रडली. आठव्या दिवशी ती नव्या पेशंटच्या आईला दाखवत होती.

घरी जायच्या आधी

घराचे फोटो आणि मापं थेरपिस्टना द्या: दारांची रुंदी, उंबरठे, पलंगाची उंची, संडासाचं दार कुठे उघडतं. साधी व्हीलचेअर दोन फुटांहून थोडी रुंद असते आणि आपल्याकडच्या बाथरूमची दारं बहुधा तिथेच अडवतात. उंबरठ्याला उतार करायचा तर एक इंच उंचीला बारा इंच लांबी धरा. गवंडी निम्म्यात भागवू बघेल, ऐकू नका, त्यावरून खुर्ची मागे उलटते. शक्य असेल तर शनिवार-रविवार घरी नेऊन परत आणा. दादाच्या त्या दोन दिवसांत कळलं की बाथरूमचा नळ त्याच्या हाताला लागत नाही, आणि सोमवारी थेरपिस्टनी त्यावरच काम केलं.

डिस्चार्जबरोबर तीन कागद हवेत: घरी करायच्या व्यायामाचा आणि लघवी-संडासाच्या वेळांचा तक्ता, लागणाऱ्या सामानाची यादी, आणि ताप, पायाला सूज, त्वचेवर लाली आली तर कुणाला फोन करायचा तो नंबर. इजा कायमची असेल तर युडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज कधी करायचा, हे डॉक्टरांना तेव्हाच विचारा. नळ्यांची पहिल्या महिन्याची सोय निघण्याआधी करा. आमच्या गावात त्या मापाची नळी मिळाली नाही, आणि पहिल्याच रविवारी मी साताऱ्यात तीन मेडिकल फिरले.